सेन्सर बदलल्यावर गाडी तिरकी बसते: एअर सस्पेन्शनच्या उंचीचं कॅलिब्रेशन

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकची २०११ ची ऑडी क्यू-७, सेकंडहँड घेतलेली. पावसाळ्यात सस्पेन्शनचा दिवा लागला. गॅरेजने मागच्या डाव्या चाकाचा उंचीचा सेन्सर बदलला आणि दिवा गेला, पण तेव्हापासून मागची डावी बाजू दीड-दोन सेंटिमीटर वर राहते आणि पुढची उजवी बसल्यासारखी दिसते. स्कॅनरवर कॅलिब्रेशन करूनही फरक पडला नाही. आता पुढचा उजवा सेन्सर, आणि त्याने नाही भागलं तर कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे सस्पेन्शन चालवणारा कॉम्प्युटर, बदलायला सांगताहेत. शिवाय दोन उपप्रश्न आहेत: सेन्सरचा ब्रॅकेट जरा सरकवून काम होईल का, आणि हात घातलाच आहे तर गाडी कायमची इंचभर उचलून घेता येईल का?

पुढच्या उजव्या सेन्सरला हात लावू नका. मॉड्यूलचा खर्च तर डोक्यातूनच काढून टाका. तुमच्या वर्णनावरून दोष जवळजवळ नक्की मागच्या डाव्या सेन्सरच्या कॅलिब्रेशनमध्येच आहे, आणि पुढची उजवी बाजू बसणं हा त्याचाच परिणाम आहे. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. एक मोजपट्टी आणि एक स्कॅनर असेल तर अर्ध्या तासात तुमचं तुम्हालाच कळेल. कसं, ते सांगतो.

मुळात या सेन्सरला उंची कळत नाही, त्याला कळतो फक्त कोन. सेन्सर गाडीच्या बॉडीच्या बाजूला बसवलेला असतो. त्याची छोटी दांडी एका लिंक रॉडने चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मला जोडलेली असते. चाक वर-खाली झालं की दांडी फिरते आणि सेन्सर तिच्या कोनाप्रमाणे साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टच्या दरम्यान सिग्नल देतो. 'इतके व्होल्ट म्हणजे इतके मिलिमीटर' हे कंट्रोल मॉड्यूलला कोणीतरी एकदा सांगावं लागतं. ते सांगणं म्हणजे कॅलिब्रेशन. कारखान्यात ते प्रत्येक चाकाला वेगळं झालेलं असतं, कारण एकाच पार्ट नंबरचे दोन सेन्सर त्याच कोनात अगदी सारखा सिग्नल देत नाहीत, आणि ब्रॅकेटच्या भोकातही थोडा खेळ असतो. जुना सेन्सर काढला तरी मॉड्यूलमध्ये त्याची नोंद तशीच राहते आणि नवीन सेन्सरचा सिग्नल त्या जुन्या हिशेबाने वाचला जातो. दिवा मात्र लागत नाही, कारण सिग्नल धडधाकट आहे. मॉड्यूलच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं.

आता तिरकेपणाकडे येऊ. चार पायांची बाज अंगणात ठेवली आणि एका पायाखाली वीट सरकवली, की तो पाय आणि त्याच्या तिरपा समोरचा पाय भार घेतात आणि उरलेल्या दोघांतला एक अधांतरी होतो. गाडीची बॉडी अशीच ताठ आहे, ती एका कोपऱ्यापुरती उचलली जात नाही. मागचा डावा सेन्सर चुकीने 'मी खाली आहे' असं सांगत असेल, तर मॉड्यूल त्या कोपऱ्यातल्या फुग्यात, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या हवेच्या रबरी पिशवीत, हवा भरतं. बॉडी उजवीकडे आणि पुढे कलते, आणि सगळ्यात जास्त खाली जातो तो तिरपा समोरचा कोपरा, म्हणजे पुढचा उजवा. म्हणून तिथला सेन्सर बदलण्याचा मोह होतो, आणि तो बदलला की गाडीत कॅलिब्रेट न केलेले सेन्सर एकाचे दोन होतात.

हे आकड्यांत बघा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गाडीचे नाहीत. समजा कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकाप्रमाणे नॉर्मल उंचीला चाकाच्या मध्यापासून चाकावरच्या कमानीच्या कडेपर्यंत पुढे ४५० आणि मागे ४६० मिलिमीटर हवेत, आणि मागचा डावा सेन्सर २० मिलिमीटर कमी सांगतोय. मॉड्यूल त्याच्या परीने तडजोड करून गाडी साधारण अशी उभी करेल: मागे डावीकडे ४७५, पुढे डावीकडे ४५५, मागे उजवीकडे ४६५, पुढे उजवीकडे ४४५. हे टेपवरचे आकडे. आता तिरप्या जोड्यांची बेरीज करा. पुढचा डावा आणि मागचा उजवा मिळून ९२०. पुढचा उजवा आणि मागचा डावा मिळून ९२०. बेरीज जुळली. ती जुळणारच. बॉडी ताठ, जमीन सपाट आणि टायरची हवा सारखी असेल, तर गाडी कितीही तिरकी असली तरी टेपवरच्या तिरप्या बेरजा सारख्याच येतात. त्या पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त चुकल्या तर आधी स्वतःच्या मोजमापावर, फरशीवर किंवा फेंडरवर (चाकावरच्या पत्र्यावर) संशय घ्या. फुग्यांवर नको.

मग त्याच अवस्थेत स्कॅनर लावा आणि लाइव्ह डेटामध्ये मॉड्यूलला काय दिसतंय ते वाचा. तीन कोपऱ्यांचे आकडे टेपशी जुळतील: ४५५, ४६५, ४४५. मागचा डावा मात्र ४७५ ऐवजी ४५५ दिसेल. स्क्रीनवरच्या तिरप्या बेरजा होतील ९२० आणि ९००. हा २० चा फरक म्हणजे तुमच्या कॅलिब्रेशनची एकूण चूक, आणि टेप व स्क्रीन ज्या कोपऱ्यात एकमेकांना खोटं पाडतात तिथेच तिचं मूळ. काही स्कॅनर सरळ उंची न दाखवता नॉर्मलपासूनचा फरक दाखवतात, म्हणजे अधिक पाच, उणे पाच असं. हिशेब तोच, फक्त पुस्तकी आकड्यातून वजाबाकी करून घ्यायची.

या एका तुलनेत निम्मं निदान होतं, म्हणून मी ती केल्याशिवाय कुठल्याच गाडीच्या कॅलिब्रेशनला हात घालत नाही. टेप आणि स्क्रीन जुळत नसतील तर प्रश्न सेन्सरचा, रॉडचा किंवा कॅलिब्रेशनचा. टेप आणि स्क्रीन जुळताहेत, दोन्हीकडे गाडी खाली दिसतेय आणि तरी वर येत नाही, तर मॉड्यूलला खरी परिस्थिती कळलेली आहे, त्याच्याच्याने ती सुधारत नाहीये. तिथे हवा गळतेय, कॉम्प्रेसर थकलाय किंवा फुग्यांना हवा वाटणारा व्हॉल्व्ह ब्लॉक अडकलाय. अशा गाडीला कॅलिब्रेशन करणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलणं. आणि गाडी स्थिर उभी असताना स्क्रीनवरचा आकडा आपोआप उड्या मारत असेल, तर कनेक्टर उघडून बघा. पावसाळ्यानंतर तिथे हिरवा गंज हमखास सापडतो. मुंबई, कोकण, गोवा इथल्या गाड्यांत तर लिंक रॉडचा बॉल जॉइंटही गंजून आखडलेला असतो. आखडलेला रॉड दांडीला अडवत-अडवत हलवतो, आणि गाडी खाली आली तरी आकडा मागेच रेंगाळतो.

तुमच्या गॅरेजने कॅलिब्रेशन केलं तरी फरक का पडला नाही, याचं सगळ्यात संभवनीय कारण फार साधं आहे. स्कॅनर विचारतो: या चाकाची उंची किती? तिथे टेपवरचा खरा, आत्ताचा आकडा टाकायचा असतो. बरेच जण तिथे पुस्तकातला आकडा टाकतात. 'इतकी उंची पाहिजे' असं आपण यंत्राला सांगतोय, अशी समजूत असते. पण किती पाहिजे ते मॉड्यूलला ठाऊकच आहे. त्याला हवं आहे ते आत्ता किती आहे. गाडी ४७५ वर उभी असताना तुम्ही ४६० टाकलंत, तर ४७५ म्हणजेच ४६० असं ते कायमचं शिकतं. गाडी वरच राहते, आणि वर स्क्रीन शिक्कामोर्तब करते की कॅलिब्रेशन यशस्वी. गॅरेजमध्ये विचारा, कुठले आकडे टाकले. डाव्या-उजव्या बाजूला अगदी सारखे, गोल-गोल आकडे सांगितले, तर टेप लागलीच नव्हती असं समजा.

दुसरी शक्यता बसवण्यातली. ऑडीच्या या काळातल्या एअर सस्पेन्शनमध्ये सेन्सर एकाच बनावटीचे असतात, पण ब्रॅकेट आणि लिंक रॉड बाजूप्रमाणे वेगळे असतात. गाडी खाली बसली की एका बाजूच्या सेन्सरचा सिग्नल वाढतो आणि दुसऱ्या बाजूचा घटतो. दांडी उलट्या दिशेला गेली किंवा दुसऱ्या बाजूचा रॉड लागला, तर हिशेब बिघडतो. चाकाच्या आतून टॉर्च मारून डावी-उजवी बाजू एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी दिसते का ते बघा. मागच्या मालकाने गाडी उचलण्यासाठी बाजारातले कमी-जास्त लांबीचे रॉड घातले नाहीत ना, हेही तेव्हाच दिसेल. सेकंडहँड गाडीत हे बघायलाच हवं. स्कॅनरवर जी७६ म्हणजे मागचा डावा, जी७७ मागचा उजवा, जी७८ पुढचा डावा आणि जी२८९ पुढचा उजवा. नावांच्या गोंधळात भलत्याच कोपऱ्याचा आकडा भरला जाण्याचे प्रकार होतात, म्हणून कागदावर गाडीचं चित्र काढून चार कोपऱ्यांत ही नावं आधीच लिहून ठेवा.

एक सूचना इथेच देतो, कारण सेन्सर तपासताना लोक नेमकं हेच करतात. इग्निशन चालू असताना लिंक रॉड सुटा करून दांडी हाताने हलवू नका. मॉड्यूलला वाटतं गाडी उंच झाली, आणि ते त्या फुग्यातली हवा सोडून देतं. टायर आणि कमान यांच्यामध्ये तुमचा हात असेल, तर दोन टन वजनाची गाडी त्यावर बसते. गाडी स्टँडवर, मेनूमधला जॅक मोड चालू, किल्ली लांब ठेवलेली, आणि मगच आत हात. नुसत्या जॅकवर किंवा नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

आता प्रत्यक्ष काम. सॉफ्टवेअरचा भाग दहा-पंधरा मिनिटांचा आहे, सगळी मेहनत त्याच्या आधी आहे.

पहिली गरज जमिनीची. गॅरेजची फरशी डोळ्याला सपाट दिसते, पण पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार दिलेलाच असतो. महागडा लेसर नसला तरी चालतं. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी आणा, पाणी भरा, आतले बुडबुडे घालवा आणि चार टायर जिथे टेकणार त्या चार जागांची उंची एकमेकींशी ताडून बघा. पाच मिलिमीटर खाली असलेल्या जागी तेवढ्या जाडीचा प्लायवूडचा तुकडा ठेवला की झालं. तुकडा टायरच्या ठशापेक्षा मोठा हवा. अलाइनमेंटचा चांगला रॅम्प मिळाला तर उत्तमच, पण तोही लेव्हलला आहे हे गृहीत धरू नका.

चारही टायरमध्ये पुस्तकाप्रमाणे हवा भरा. गाडी रिकामी करा. मागे पडलेलं सामान आणि पाण्याचे कॅन खाली उतरवा. बॅटरीला चार्जर लावा, कारण इग्निशन बराच वेळ चालू राहते, कॉम्प्रेसर मध्येच करंट ओढतो आणि व्होल्टेज पडलं की मॉड्यूल काम अर्धवट सोडतं. जॅकवरून उतरवलेली गाडी तशीच मोजू नका. टायर आत ओढलेले असतात आणि आर्म मोकळे बसलेले नसतात. चार-पाच मीटर पुढे-मागे ढकला, हँडब्रेक सोडा, चाकांना ओट, म्हणजे अडवणारे ठोकळे, लावा. मोजताना सगळे दरवाजे बंद हवेत, कारण दरवाजा उघडा असला की गाडी उंची बदलणं थांबवते.

मोजायचं चाकाच्या मध्यापासून, थेट वर, कमानीच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा हिशेबात घुसते. हबकॅपच्या मध्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर बारीक फुली काढा. वरून कमानीच्या कडेला ओळंबा सोडला की सरळ रेष मिळते. कापडी टेप नको, स्टीलची पट्टी घ्या. प्रत्येक कोपरा दोनदा मोजा, आणि दोन वाचनांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजा. मग मघाची तिरपी बेरीज करा.

ही बेरीज एवढ्या आग्रहाने सांगतोय त्यामागे आपल्याकडच्या गाड्यांचा इतिहास आहे. सेकंडहँड गाडीचा फेंडर कधीतरी ठोकून, पुट्टी भरून, रंगवून घेतलेला असणं अगदी सर्रास आहे. त्यात कमानीची कड पाच-सात मिलिमीटर इकडे-तिकडे झालेली असते. अशा कडेवरून मोजून भरलेला आकडा म्हणजे पुट्टीचं कॅलिब्रेशन. फरशी आणि टायर तपासूनही बेरीज जुळत नसेल, तर डाव्या-उजव्या जॅकिंग पॉइंटची जमिनीपासूनची उंची मोजा आणि कुठली कमान खोटं बोलतेय ते ठरवा. मर्सिडीजवाले या भानगडीत पडतच नाहीत. त्यांच्या पद्धतीत कमानीऐवजी पुढच्या आर्मचा आणि मागच्या ॲक्सल शाफ्टचा कल खास कोनमापकाने मोजतात. उपकरण महाग, पण फेंडर कसाही असला तरी आकडा खरा. लँड रोव्हरमध्ये आणि ऑडी-फोक्सवॅगनमध्ये टेपच चालते.

कॅलिब्रेशनच्या आदल्या रात्री एक गोष्ट करून ठेवा. गाडी नॉर्मल उंचीला उभी करून चारही कोपरे मोजा आणि सकाळी, गाडी उघडण्याआधी, परत मोजा. एकच कोपरा खाली गेला असेल तर तिथला फुगा किंवा त्याच्या पाइपचा जोड गळतोय. वरच्या टोकाला आणि जोडांवर साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे सांगतात. मात्र काही गाड्या, विशेषतः लँड रोव्हर, उभ्या असताना मधूनमधून जाग्या होऊन सगळ्यात खालच्या कोपऱ्याच्या बरोबरीने बाकीचे तीन उतरवतात. अशा वेळी सकाळी गाडी सगळीकडून सारखी बसलेली दिसते, गळती मात्र एकाच ठिकाणी असते. गळती आधी, कॅलिब्रेशन नंतर.

बुशकडेही बघा. आर्मच्या जोडातले रबरी बुश नवीन टाकले असतील, तर बोल्ट शेवटचा कुठल्या अवस्थेत कसला होता ते विचारा. चाक लोंबकळत असताना कसला असेल तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं, आर्मला ओढतं आणि लवकर फाटतं. बोल्ट कसायचा तो आर्म चालत्या उंचीला आणून. फाटलेल्या बुशवर कॅलिब्रेशन केलं तर बुश बदलल्यावर ते पुन्हा करावं लागेल, एवढं धरून चला.

हे सगळं झालं की स्कॅनर. तुमच्या पिढीच्या क्यू-७ मध्ये व्हीसीडीएस (ऑडी-फोक्सवॅगन गाड्यांसाठीचं स्कॅनर सॉफ्टवेअर) किंवा तत्सम उपकरणाने ३४ नंबरच्या लेव्हल कंट्रोल मॉड्यूलमध्ये जायचं. आधी तिथले जुने दोष वाचून, लिहून ठेवून, पुसून टाका. ३१५६४ हा लॉगिन कोड दिला की ॲडाप्टेशन, म्हणजे आकडे भरायचा भाग, उघडतो. चॅनेल १ पुढचा डावा, २ पुढचा उजवा, ३ मागचा डावा, ४ मागचा उजवा. चॅनेलमध्ये गेल्यावर गाडी स्वतःहून वर-खाली होऊ शकते. तेव्हा कुणी आत बसायचं नाही, कुणी टेकायचं नाही. हालचाल पूर्ण थांबली की त्या क्षणीचा कोपरा मोजायचा आणि तोच आकडा भरायचा. आधी कागदावर घेतलेले आकडे इथे चालत नाहीत, कारण मधल्या वेळात गाडी हललेली असते. चारही कोपरे झाले की चॅनेल ५ मध्ये १ टाकून मंजुरी द्यायची. ती राहिली तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. फक्त मागचा डावा सेन्सर बदललेला असला तरी चारही कोपरे भरा. तिरप्या कोपऱ्यांचा परस्परसंबंध वर बघितलाच, एकट्याला ठीक करायला गेलं तर शंका उरते.

नॉर्मल उंचीचा पुस्तकी आकडा मात्र तुमच्याच मॉडेलचा आणि तुमच्याच सस्पेन्शन प्रकाराचा घ्या. पहिल्या पिढीच्या फोक्सवॅगन तुआरेगला तो पुढे ४९७ आणि मागे ५०२ आहे. तुआरेग आणि क्यू-७ एकाच सांगाड्यावरच्या असल्या तरी कमानीचा आकार वेगळा, त्यामुळे हा आकडा तुमच्या कामाचा नाही. इंटरनेटवरून कुणाचे तरी आकडे उचलताना नेमकी इथे फसगत होते.

पडताळणीसाठी गाडी वरच्या पातळीला न्या, खालच्या पातळीला आणा, परत नॉर्मलला आणा. मग दहा-पंधरा मिनिटं चालवून त्याच सपाट जागी उभी करा आणि मोजा. पुस्तकी आकड्यापासून पाचेक मिलिमीटरच्या आत, डाव्या-उजव्यात त्याहून कमी फरक, आणि टेप व स्क्रीन जुळलेली, इतकं झालं की काम चोख. वर-खाली करताना कॉम्प्रेसर तापून मध्येच थांबला तर घाबरू नका. स्वतःला वाचवण्यासाठी तो थांबतो. थंड होऊ द्या. थोडक्या कामातच पुन्हापुन्हा तापत असेल तर मात्र तो म्हातारा झालाय किंवा कुठेतरी हवा जातेय.

कॅलिब्रेशननंतर व्हील अलाइनमेंट करायचंच. क्रम उलटा चालत नाही, कारण उंची बदलली की टो आणि कॅम्बर हे चाकांचे दोन्ही कोन बदलतात. तिरक्या गाडीवर केलेलं अलाइनमेंट गाडी सरळ झाल्यावर चुकीचं ठरतं आणि पुढचे टायर आतून खाल्ले जातात. झेनॉन हेडलाइट असतील तर त्यांची आपोआप वर-खाली होणारी मोटर याच सेन्सरांच्या माहितीवर चालते. ५५ नंबरच्या हेडलाइट मॉड्यूलमध्ये बेसिक सेटिंग करून, भिंतीवर प्रकाशाची रेष तपासून घ्या. हे राहून गेलेल्या गाड्या रात्री कसारा घाटात समोरच्याला आंधळं करत जातात, आणि चालकाला पत्ताही नसतो.

ब्रॅकेट सरकवण्याचं म्हणाल, तर नको. भोक लांबट करून सेन्सर सरकवणं ही जुनी युक्ती आहे, आणि एका उंचीला तिने गाडी सरळही दिसते. पण लिंक रॉड आर्मच्या मधल्या भागाला जोडलेला असतो, टोकाला नाही. रॉड आर्मच्या निम्म्यावर असेल तर तिथे पाच मिलिमीटरचा बदल चाकाजवळ दहा मिलिमीटर होतो. हाताने एवढी बारीक मात्रा साधत नाही. शिवाय दांडी तिच्या मधल्या स्थानापासून ढळली की गाडी लिफ्टला, म्हणजे वरच्या पातळीला, किंवा अगदी खाली गेल्यावर ती टोकाला अडते, कधी उलटी पलटते. मग पुन्हा तोच दिवा, आणि या वेळी मोडलेला सेन्सर.

बस-ट्रकवाल्यांची पद्धत वेगळी आहे, विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्यांच्या इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शनमध्ये बहुधा तीनच सेन्सर असतात, एका ॲक्सलला एक आणि दुसऱ्याला दोन. ॲक्सल आणि चॅसिसच्या मध्ये ठरावीक उंचीचे ठोकळे ठेवून गाडी त्यावर टेकवतात आणि नॉर्मल, सगळ्यात वर, सगळ्यात खाली अशा तीन पातळ्या शिकवतात. तीन बिंदूंवर तिरप्या ओढाताणीचा प्रश्नच येत नाही. चार सेन्सरच्या कारमध्ये ती सोय नाही, म्हणून एवढा खटाटोप.

राहिला इंचभर उचलण्याचा प्रश्न. करता येतं. टेपवरच्या आकड्यातून २५ वजा करून भरलं की मॉड्यूलला गाडी खाली वाटते आणि ते ती २५ मिलिमीटर उचलून ठेवतं. गावोगावचे स्पीडब्रेकर बघता मोहही समजू शकतो. मी करून देत नाही. चाकांना फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट कायम जास्त कोनात फिरतात आणि त्यांचे रबरी बूट आधी फाटतात. लिफ्ट पातळीला फुगा त्याच्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे ताणला जातो. वेगात गाडी जितकी खाली यायला हवी तितकी येत नाही, आणि वळणावरचा तोल त्या उंचीसाठी आखलेला नसतो. पुढे कधी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलात तर तिथला माणूस टेप आणि स्क्रीनमधला २५ चा फरक बघून सेन्सर खराब ठरवेल, आणि तुम्ही पुन्हा आजच्याच जागी याल.

सोसायटीच्या रॅम्पवर किंवा गावच्या कच्च्या रस्त्यावर घासत असेल, तर गाडीत त्यासाठी लिफ्टची पातळी दिलेलीच आहे. रॅम्पच्या अलीकडे थांबा, बटण दाबा, दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत धीर धरा आणि मग चढवा. बहुतेक गाड्यांचं पोट घासतं ते गाडी पूर्ण उचलली जायच्या आधीच पुढे दामटल्याने.